“चालाया येतंय, पन जायाचं कुठं?”
पक्षाघातानंतरचे जगणे कसे मोजावे : एक अभ्यासपाठ



माझ्या भेटीच्या वहीत दोन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे : “प्रकृती चांगली सुधारली. १०० पैकी ९० गुण. पुढच्या भेटीची घाई नाही.” ही नोंद चुकीची होती. त्यातला आकडा बरोबर होता. आकड्यावरून मी काढलेला अर्थ चुकला. ती चूक कशी झाली हे आधी सांगते, म्हणजे आजचा पाठ समजायला सोपा जाईल.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत महादेव कोळी समाजाचे एक गृहस्थ राहतात. वय साठीच्या आत. भाताची आवणी चालू असताना खाचरातच त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. गावाकडे पक्षाघाताला असेच म्हणतात. कुणी लकवा म्हणतात, जुन्या पुस्तकांत अर्धांगवायू असतो. पुण्यात उपचार झाले, व्यायाम शिकवले गेले आणि ते काठी घेऊन घरी परतले. सहा महिन्यांनी मी वाडीवर गेले. सोबत छापील तक्ता होता. जेवता येते का, अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, चालता येते का, असे एकेक विचारत गेले. हिशोब ९० वर आला. मला आनंद झाला. “दादा, नव्वद मार्क पडले!” असे मी हसत म्हणाले सुद्धा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग जड झालेल्या जिभेने हळूहळू म्हणाले, “ताई, चालाया येतंय. पन जायाचं कुठं?”

मी त्यांना धीराचे दोन शब्द सांगितले, प्रार्थना केली आणि निघाले. शेवटची गाडी गाठायची होती. त्यांचे वाक्य वहीत लिहिले नाही, कारण तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

तो रकाना कोणता आणि तो भरायचा कसा, हा या पाठाचा विषय आहे.

हा आजार आपल्या कामाचा आहे का?

पक्षाघात हा शहरातल्या, खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार आहे असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. माझाही होता. तो समज गडचिरोलीने पुसून टाकला आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे काम गडचिरोलीत १९८६ पासून चालू आहे. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत जिल्ह्यातील ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली आणि कारण शोधले. त्या गावांची लोकसंख्या सुमारे ९४,००० होती. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा ही संख्या मोठी होती. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली आणखी एक गोष्ट मनाला लागते : पक्षाघाताने गेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसे घरीच गेली.

एवढी माणसे घरीच जात असतील, तर पक्षाघातातून वाचलेली माणसेही घरीच आहेत. ओसरीवर, चुलीजवळ, गोठ्याच्या कडेला. त्यांच्याजवळ रोज फिजिओथेरपिस्ट येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी येत असेल तर आशाताई, आरोग्यसेविका आणि आपल्यासारखे भेटीला जाणारे. तेव्हा “हा माणूस आता कसा आहे?” या प्रश्नाचे उत्तर अनेकदा आपल्याच वहीत लिहिले जाते. म्हणून ते नीट लिहिता आले पाहिजे.

मोजण्याच्या तीन पायऱ्या

पक्षाघातानंतर माणूस किती सावरला हे तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून बघतात. त्यांची सरमिसळ झाली की माझ्यासारखी चूक होते.

पहिली पायरी शरीराची. हातात जोर किती आला, बोटे उघडतात का, तोंडाचा वाकडेपणा गेला का, शब्द स्पष्ट येतात का. हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तपासतात. हातापायांतली बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. पुढे ती थांबत नाही, पण तिचा वेग मंदावतो.

दुसरी पायरी रोजच्या कामांची. माझ्या हातातला तक्ता याच पायरीचा होता. त्याला बार्थेल निर्देशांक म्हणतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डॉ. फ्लोरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. जेवणे, अंघोळ, तोंड धुणे-केस विंचरणे, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासात जाणे, अंथरुणातून खुर्चीवर बसणे, चालणे आणि जिने चढणे अशी दहा कामे त्यात आहेत. सगळी स्वतःची स्वतः करणाऱ्याला १०० गुण. हा तक्ता दहा मिनिटांत भरून होतो, जगभर वापरला जातो आणि घरच्यांना मदत कुठे लागेल हे चांगले सांगतो. त्याहून लहान मोजपट्टी रँकिन यांची. ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन यांनी ती १९५७ मध्ये मांडली. तिच्या आजच्या सुधारित रूपात ० म्हणजे काहीही त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि ६ म्हणजे मृत्यू. मोठ्या वैद्यकीय अभ्यासांत बहुधा हीच वापरतात.

तिसरी पायरी जगण्याची. जेवता येते, पण पंगतीत बसावेसे वाटते का? बोलता येते, पण घरात आपले कुणी विचारते का? चालता येते, पण जायला कुठे आहे का? ही पायरी पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. दुसरी चढली म्हणजे तिसरी आपोआप चढली जाते असे नाही. आणि दुसरीवर अडलेला माणूस तिसरीवर पोहोचतच नाही, असेही नाही.

याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. आमच्या मंडळीतील एका आजींना पक्षाघात होऊन पाच वर्षे झाली. बार्थेलच्या तक्त्यात त्यांचे गुण ४५ च्या पुढे जात नाहीत. उठवावे लागते, नेऊन बसवावे लागते. पण सकाळी त्यांची खुर्ची दारात मांडली की गल्लीतल्या बायका आधी त्यांच्यापाशी थांबतात. डाव्या हाताने त्या तांदूळ निवडतात. नातवाचे पाढे त्यांच्यासमोर म्हटल्याशिवाय त्याला खेळायला सोडत नाहीत. त्यांना विचारले तर म्हणतात, “पाय गेले गं, बाकी माझं सगळं आहे.”

नव्वद गुणांचा माणूस खचलेला आणि पंचेचाळीस गुणांची आजी समाधानी. हे केवळ या दोन घरांपुरते नाही. अमेरिकेतील अल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांनी १९९९ मध्ये अपंगत्व असलेल्या १५३ व्यक्तींच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून पाहणाऱ्याला ज्यांचे जगणे कठीण वाटेल, अशांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले होते.

‘जीवनमान’ नव्हे, ‘जगण्याची प्रत’

मराठीत जीवनमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पक्के घर, नळ, वीज, उत्पन्न येते. ते महत्त्वाचे आहेच, पण येथे ज्याविषयी बोलत आहोत ते त्याहून मोठे आहे. त्याला जीवनाची गुणवत्ता किंवा जगण्याची प्रत म्हणू या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात याची व्याख्या केली. तिचा सारांश असा : माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांमध्ये राहतो, तिथे राहून, आपली ध्येये, अपेक्षा आणि काळज्या मनात ठेवून, आपल्या जगण्याविषयी त्याला स्वतःला काय वाटते, ती त्याच्या जगण्याची प्रत. यातले दोन शब्द अधोरेखित करा : ‘संस्कृती’ आणि ‘स्वतःला’. या व्याख्येवरून संघटनेने जगातील १५ केंद्रांत प्रश्नावली तयार केली. त्यांतली दोन केंद्रे भारतात होती, नवी दिल्ली आणि त्या वेळचे मद्रास. तिच्या छोट्या रूपात २६ प्रश्न आहेत. मागच्या दोन आठवड्यांत शरीर कसे होते, मन कसे होते, माणसांशी नाते कसे होते आणि आजूबाजूची परिस्थिती कशी होती, असे चार भाग त्यात येतात.

ही प्रश्नावली सगळ्यांसाठी आहे. खास पक्षाघातासाठीही काही झाल्या. १९९९ मध्ये पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या नंतरच्या रूपात ५९ प्रश्न आणि आठ भाग आहेत : अंगातील जोर, हाताचे काम, रोजची कामे, हिंडणे-फिरणे, बोलणे-समजणे, भावना, स्मरण व विचार आणि चारचौघांतला सहभाग. शेवटी माणसाला एक उभी रेघ दाखवतात. खाली ०, वर १००. “तुमच्या मते तुम्ही किती सावरलात?” एवढे विचारून त्यालाच खूण करायला सांगतात. त्याच वर्षी लिंडा विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली आणली. तिच्यात दृष्टी, मनःस्थिती, स्वभावातला बदल, घरातली भूमिका आणि समाजातली भूमिका यांना स्वतंत्र जागा आहे.

माझ्या तक्त्यात नसलेला रकाना हाच होता. घरातली भूमिका आणि समाजातली भूमिका.

विचारताना कुठे चुकते?

प्रश्नावली हातात असली म्हणजे काम झाले असे नाही. विचारण्याच्या पद्धतीत चुका होतात. आमच्या भेटींतून लक्षात आलेल्या पाच चुका मांडते.

१) रुग्णाऐवजी घरच्यांना विचारणे. बोलणे अस्पष्ट असले की आपली नजर आपोआप सुनेकडे किंवा मुलाकडे वळते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार असे दिसले आहे की रुग्णाच्या जगण्याची प्रत तो स्वतः सांगतो त्यापेक्षा त्याचे घरचे बहुधा कमी सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना दिसते ते त्यांचे कष्ट आणि त्याचा त्रास. त्याच्या मनातले सुख किंवा दुःख त्यांना पुरते दिसत नाही. घरच्यांचे म्हणणे जरूर लिहावे, पण वेगळ्या रकान्यात.

२) वाचा गेलेल्यांना वगळणे. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या बोलण्यावर किंवा समजण्यावर सुरुवातीला परिणाम होतो. त्यांना प्रश्न विचारणे वेळखाऊ असते म्हणून त्यांची नोंदच राहून जाते. लंडनच्या कॅटरिना हिलारी यांनी २००३ मध्ये अशा लोकांसाठी ३९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यामागचा विचार आपल्यालाही वापरता येतो : वाक्य लहान, एका वेळी एकच प्रश्न, उत्तर बोट दाखवून देता येईल असे आणि थांबण्याची तयारी.

३) वाडीला न बसणारे प्रश्न विचारणे. बार्थेलमध्ये जिना आहे. वाडीतल्या घराला जिना नाही; पण उंच उंबरा आहे, पावसात निसरडा होणारा उतार आहे, पाण्याची वाट आहे. कुठे टेलिफोन लावता येतो का, बँकेचे काम जमते का असे विचारतात. त्या दादांच्या जगण्यात त्याआधी हिरडा आहे, खाचर आहे, देवाच्या जत्रेला जाणे आहे, लग्नात मांडवाखाली बसणे आहे. व्याख्येतील ‘संस्कृती’ हा शब्द येथे लागू होतो. छापील, तपासून सिद्ध केलेल्या प्रश्नावलीतले शब्द आपण मनाने बदलू नयेत, कारण मग तिचे गुण विश्वासाचे राहत नाहीत. पण तिच्या जोडीला आपले प्रश्न आपण विचारू शकतो.

४) भिडेने दिलेले उत्तर खरे मानणे. आपण कधी धान्य घेऊन जातो, कधी औषध. अशा पाहुण्याला कोण म्हणेल की बरे चाललेले नाही? “बरं हाय” हे उत्तर पुष्कळदा आपल्या मानासाठी दिलेले असते. शिवाय आपण विचारतो तेव्हा अर्धी वाडी ऐकत असते. शक्य तर थोडा वेळ एकटे बसावे, आणि मदत देण्याच्या दिवशी प्रश्न विचारू नयेत.

५) उदासीला स्वभाव समजणे. “पहिल्यापासून अबोलच आहे”, “आता वयच झालं” असे म्हणून आपण सोडून देतो. पक्षाघातानंतर साधारण दर तीन जणांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येते. मेंदूला झालेली इजा आणि आयुष्यात झालेली उलथापालथ अशी दोन्ही कारणे त्यामागे असतात. त्यावर उपचार आहेत. झोप उडाली, जेवण सुटले, माणूस कारण नसताना रडतो किंवा जगून काय करू असे म्हणतो, तर ते विश्वासाची उणीव म्हणून सोडू नये, डॉक्टरांना सांगावे.

सरकारी टक्के आणि आपली वही

येथे एक प्रश्न नेहमी येतो : अपंगत्वाचा दाखला काढला आहे, त्यावर टक्केवारी आहे, मग वेगळे कशाला मोजायचे? दाखला अत्यंत उपयोगी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना अनेक सवलती मिळतात. एसटी प्रवासाची सवलत, संजय गांधी निराधार योजना अशांसाठी तो लागतो. तेव्हा भेटीत पहिल्यांदा विचारावे की दाखला काढला का. पण त्यावरची टक्केवारी शरीराची हानी सांगते. त्या दादांचे जेवणाचे ताट वेगळे झाले आहे, हे ती सांगत नाही.

चांगला हेतू पुरतो का?

मोजमापाबद्दल काही सेवकांच्या मनात नाराजी असते. प्रेमाने काम करतो, ते मोजायचे कशाला, असे विचारतात. यावर भारतातलेच एक उदाहरण बोलके आहे. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. जयराज पांडियन यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, तर घरच्याच माणसाला व्यायाम आणि शुश्रूषा शिकवावी, म्हणजे रुग्ण लवकर स्वावलंबी होईल, अशी कल्पना होती. कल्पना सुंदर होती. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या गटात ४७ टक्के लोक मरण पावले होते किंवा परावलंबी होते. प्रशिक्षण न दिलेल्या गटातही ४७ टक्केच.

त्या लोकांनी निकाल लपवला नाही. प्रामाणिकपणे मोजले म्हणूनच कळले की केवळ घरच्यांच्या खांद्यावर ओझे टाकून भागणार नाही. आपल्या कामालाही ही कसोटी लागली पाहिजे. माझ्या वहीतील “चांगली सुधारली” ही नोंद दोन वर्षे तशीच राहिली असती, तर आपल्या वार्षिक अहवालात ते दादा यशाचे उदाहरण म्हणून छापले गेले असते.

घरच्यांचे ओझेही मोजावे. सांभाळणाऱ्या माणसासाठी १९८३ पासून १३ प्रश्नांची एक सोपी यादी वापरात आहे. झोप मोडते का, कमरेवर ताण येतो का, कामधंदा बुडतो का, पैशाची ओढाताण होते का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. वाडीत सांभाळणारी बहुधा बायको किंवा सून असते. तिला कुणी विचारतच नाही.

प्रभूची विचारण्याची रीत

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला ओरडतो. त्याला काय हवे आहे हे कुणालाही दिसण्यासारखे होते. तरी येशू त्याला जवळ बोलावतो आणि आधी त्यालाच विचारतो की तुझ्यासाठी मी काय करावे. त्याच्या सोबत्यांना विचारत नाही, स्वतः ठरवूनही टाकत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती बरा झाल्यावर त्याला आपल्या घरी जायला सांगितले जाते. बरे होण्याची वाट घरापर्यंत, आपल्या माणसांपर्यंत जाते. भेटीला जाताना ही दोन्ही ठिकाणे डोळ्यांपुढे असू द्यावीत.

भेटीसाठी आठ प्रश्न

खालील प्रश्न आम्ही आमच्या भेटींसाठी ठरवले आहेत. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे. त्यांची बेरीज करू नये आणि दोन माणसांची तुलनाही करू नये. एकाच माणसाला पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात विचारावे व त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे.

१. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केले?
२. जेवण कुठे, कुणाबरोबर होते?
३. पूर्वी लोक तुमच्याकडे कोणत्या कामासाठी यायचे? आता येतात का?
४. गेल्या महिन्यात घराबाहेर कुठे गेलात? कुठे जावेसे वाटले, पण गेला नाहीत?
५. घरात काही ठरवायचे असले तर तुम्हाला विचारतात का?
६. तुमचे बोलणे पुरते होईपर्यंत कोण ऐकून घेते?
७. रात्री झोप लागते का? मनात काय येत राहते?
८. एकच गोष्ट परत मिळायची असेल, तर कोणती मिळावी?

शेवटी पाच खडे समोर ठेवावेत. “जगणे अगदी नकोसे असेल तर एक खडा उचला, अगदी मनासारखे असेल तर पाच.” ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही हे जमते. आकडा लिहावा आणि “असे का?” विचारून थांबावे. थांबणे हेच सर्वांत कठीण जाते. जड जिभेने एक वाक्य यायला अर्धे मिनिट लागते. आपण पाचव्या सेकंदाला त्याच्या वतीने बोलून मोकळे होतो.

पुन्हा त्या वाडीवर

चार महिन्यांनी मी परत गेले. या वेळी मुक्कामाच्या तयारीने. संध्याकाळी ओसरीवर बसून हे प्रश्न विचारले.

त्यांनी एक खडा उचलला.

मग हळूहळू कळत गेले. उजव्या हाताने भाकरी मोडत नाही आणि तोंडाच्या एका कडेने कालवण ओघळते, म्हणून घरच्यांनी त्यांचे ताट आत, वेगळे वाढायला सुरुवात केली होती. “त्यांना लाज वाटू नये म्हणून,” मावशी म्हणाल्या. त्यांना वाटले होते की आपली किळस येते. उन्हाळ्यात हिरडा काढायच्या वेळी कोणते झाड आधी झोडायचे हे पूर्वी वाडी त्यांना विचारायची. या वर्षी कुणी आले नाही. लोकांना वाटले, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा. दोन्हीकडून माया होती, आणि त्या मायेतच माणूस एकटा पडला होता. आठव्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले, “हिरडा.”

त्यानंतर जे झाले त्यात चमत्कार नाही. मावशींनी सगळ्यांच्याच ताटात भाकरी कुस्करून वाढायला सुरुवात केली आणि दादांचे ताट चुलीपाशी परत आले. पुढच्या हंगामात पुतण्या त्यांना हात धरून हिरडा वाळत घालतात त्या खळ्यापर्यंत नेऊ लागला. तिथे बसून ते डाव्या हाताने माल निवडतात आणि कुणाचा ओला आहे ते सांगतात. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून उदासीवर औषध चालू झाले. रक्तदाबाची गोळी चुकू नये म्हणून नातीने भिंतीवर कोळशाने रेघा मारायचे काम घेतले आहे.

मागच्या भेटीत त्यांनी तीन खडे उचलले. चौथा हातात घेऊन परत ठेवला. “रानात जाता येत न्हाई,” म्हणाले. ते खरेच आहे आणि बहुधा तसेच राहणार आहे. बार्थेलचे गुण अजून ९० च आहेत. वहीत मी या वेळी दोन्ही आकडे लिहिले, आणि त्यांचे वाक्यही.

मंडळीत चर्चेसाठी

• आपल्या मंडळीत किंवा गल्लीत पक्षाघातातून सावरणारे कोण आहे? मागील भेटीत आपण त्यांच्याशी बोललो की त्यांच्या घरच्यांशी?
• त्या व्यक्तीकडे पूर्वी लोक कोणत्या कामासाठी जात? त्यातले आज बसल्या जागी काय करता येईल?
• त्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत म्हणून आपल्यापैकी कोण जाऊन बसेल? नाव आणि वार आजच ठरवावा.
• पुढच्या भेटीला पाच खडे घेऊन जाल का? जाल तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, आणि तिच्या आधीच्या गाडीने पोहोचा.